लांडगा आला रे आला

'भेडिया' मी पाहिला तो २७ नोव्हेंबर २०२२ चा रविवार होता. सिनेमा लागून तिसराच दिवस. बंगळुरूत कोरमंगलाच्या एका मल्टिप्लेक्समध्ये संध्याकाळचा खेळ, आणि शेजारच्या खुर्चीत माझी अरुणाचल प्रदेशातली मैत्रीण. तिकिटं तिनेच काढली होती. "आमचं झिरो दाखवलंय," एवढंच तिचं कारण. ती स्वतः झिरोची नाही, इटानगरजवळची आहे. पण मी सोलापूरची असून बंगळुरूत लातूरचं कुणी भेटलं तरी 'आमच्याकडचं' म्हणते, त्यातलाच तो प्रकार.

सिनेमा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. दिल्लीचा भास्कर (वरुण धवन) अरुणाचलच्या जंगलातून रस्ता काढायचं काम घेऊन झिरोला येतो. सोबत त्याचा भाऊ जनार्दन (अभिषेक बॅनर्जी) आणि तिथला स्थानिक मित्र जोमिन (पालिन कबाक). एका रात्री भास्करला लांडगा चावतो, तोही अशा जागी की जखम दाखवायची पंचाईत. मग रात्री त्याचाच लांडगा होऊ लागतो. त्याच्यावर उपचार करते अनिका (क्रिती सेनॉन), ती जनावरांची डॉक्टर. दोघं प्रेमात पडतात. आणि शेवटाकडे कळतं, की भास्करला चावलेला लांडगा म्हणजे अनिकाच. जंगलाची राखण करणारी.

थिएटर बऱ्यापैकी भरलेलं होतं. बहुतेक पंचविशी-तिशीतले, आयटीतले, आपसात हिंदी बोलणारे. आमच्या पुढच्या रांगेत ईशान्येकडची चार-पाच मुलं. भास्करच्या जखमेवर लोक हसले, जनार्दनच्या घाबरण्यावर हसले. कपडे फाडत, हाडं वाकवत माणसाचा लांडगा होतो तेव्हा क्षणभर सगळे गप्प झाले, आणि लगेच कुणीतरी काहीतरी बोललं, पुन्हा हशा. जनार्दन जोमिनच्या दिसण्यावरून, बोलण्यावरून विनोद करतो, त्यावरही हसले. मीही हसले. अंधारात हसू आपलं नसतं, सगळ्यांचं असतं, ही मोठी सोय असते.

मग तो प्रसंग आला. संशयाच्या भरात जनार्दन नको ते बोलून जातो आणि इतका वेळ सगळं हसण्यावारी नेणारा जोमिन दुखावतो. मोठ्या शहरांत आपल्याला काय काय म्हणून हाका मारतात ते तो सांगतो, आणि आपली हिंदी तितकी चांगली नाही म्हणून आपण कमी भारतीय ठरतो का, अशा अर्थाचं काहीतरी विचारतो. आवाज चढवत नाही. थिएटरमध्ये एकदम शांतता पसरली. पुढच्या रांगेतल्या एका मुलाने दोनदा टाळी वाजवली. त्याला साथ मिळाली नाही, तसा तोही थांबला. दोन-तीन मिनिटांत पडद्यावर पुन्हा विनोद आला आणि सगळ्यांची सुटका झाली.

या सगळ्या वेळात मी शेजारी पाहिलं नाही. पाहू शकले नाही, असं म्हणणं जास्त खरं. त्याचं कारण सिनेमात नव्हतं, दहा वर्षं मागे होतं.

ऑगस्ट २०१२. आम्ही दोघी एकाच ऑफिसात, शेजारच्या टेबलांवर. जुलैत आसाममध्ये कोक्राझारच्या बाजूला बोडो आणि मुस्लिम यांच्यात दंगली झाल्या होत्या. त्याची झळ बंगळुरूपर्यंत आली ती मोबाइलवरून. ईशान्येकडच्या लोकांवर हल्ले होणार आहेत, रमझान संपायच्या आत शहर सोडा, असे निरोप फिरू लागले. अमुक भागात मारहाण झाली, तमुक ठिकाणी कुणाला भोसकलं, अशा खबरा त्यांना जोडून. मला तो एसएमएस १४ तारखेला रात्री आला, ओळखीच्या, शहाण्यासुरत्या माणसाकडून. मी तो वाचला, खरा की खोटा असा प्रश्नही स्वतःला विचारला नाही, खाली 'काळजी घे' असं लिहिलं आणि तिला पाठवून दिला. मग झोपले. चांगलं काम केल्यावर लागते तशी झोप लागली.

१५ तारखेपासून बंगळुरू सिटी स्टेशनवर जे झालं ते देशाने टीव्हीवर पाहिलं. गुवाहाटीकडे जाणाऱ्या गाडीसाठी फलाटावर हजारो माणसं. रेल्वेला जादा गाड्या सोडाव्या लागल्या. मंत्री, पोलीस स्टेशनवर जाऊन सांगत होते, की काही होणार नाही, थांबा. मुस्लिम संघटनाही राहा म्हणून आवाहन करत होत्या. केंद्र सरकारने १५ दिवसांसाठी घाऊक एसएमएसवर बंदी घातली. एका वेळी पाचांहून जास्त जणांना निरोप पाठवता येईना. पण तोवर काही दिवसांतच हजारोंनी शहर सोडलं होतं.

ती १६ तारखेच्या गाडीने गेली. मी स्टेशनवर गेले होते, पाव, केळी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन. फलाटावर कुणी वॉचमनच्या गणवेशातच आलेलं, कुणाच्या पाठीवर कॉलेजची सॅक, ब्यूटी पार्लरमधल्या मुली एकमेकींचे हात धरून बसलेल्या. आदल्या आठवड्यापर्यंत या माणसांशिवाय शहरातलं एकही गेट उघडत नव्हतं. ती डब्याच्या दारात उभी होती, माझ्याकडून पिशवी घेतली, "थँक्स यार" म्हणाली. पाच आठवड्यांनी परत आली, टेबलावरची धूळ पुसली आणि कामाला लागली. आम्ही तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

आपल्याकडे शाळेत 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट सगळ्यांना असते. खोटं ओरडणारं पोर, दोनदा धावून आलेलं गाव, आणि खरा लांडगा आल्यावर कुणीच न येणं. खोटं बोलू नये, हे तात्पर्य. त्या फलाटावरून परतताना मला पहिल्यांदा वाटलं, की या गोष्टीत एक मोठी चूक आहे. पोराने ओरडायचं आणि गावाने विश्वास ठेवायचा बंद करायचा, असं होतच नाही. गाव दर वेळी विश्वास ठेवतं. शिवाय त्या गोष्टीतला लांडगा निदान लांडगा तरी असतो. माझ्या एसएमएसात लांडगा कोण होता? ज्या गल्लीत मी दर शुक्रवारी बिर्याणी घ्यायला जायचे, जिथला शिंपी माझे ब्लाउज शिवायचा, ती गल्ली. दोन ओळींच्या त्या निरोपात मी एका समाजाची मेंढरं केली होती आणि दुसऱ्याचे लांडगे. माणसाचा लांडगा व्हायला पौर्णिमाच लागते असं नाही.

बंगळुरूला अफवांचा अनुभव जुना आहे. 'भेडिया' ज्या मालिकेतला सिनेमा आहे, तिचं पहिलं बीजही याच शहरातलं. १९९० च्या दशकात इथल्या वस्त्यांमध्ये दारांवर कन्नडमध्ये 'नाळे बा' असं लिहिलेलं असायचं. नाळे बा म्हणजे उद्या ये. रात्री एक हडळ दार ठोठावते, घरातल्याच माणसाच्या आवाजात हाक मारते, आणि दार उघडलं की संपलं, अशी वदंता होती. दारावरची अक्षरं वाचून ती परत जाते, दुसऱ्या रात्री येते, पुन्हा तेच वाचते. माझ्या घरमालकीणबाईंनी त्या काळी खडूने स्वतः लिहिलं होतं. "भीती नव्हती गं," त्या म्हणतात, "पण शेजारणीने लिहिलं, मग आपण कसं नाही लिहायचं?" २०१८ मध्ये अमर कौशिक यांनी 'स्त्री' केला तेव्हा ही कल्पना मध्य प्रदेशातल्या चंदेरीला गेली आणि हिंदी झाली. 'भेडिया'चे दिग्दर्शकही तेच, आणि 'भेडिया'च्या शेवटी 'स्त्री'मधली मंडळी येऊन दोन्ही गोष्टींची गाठ मारून जातात. मला त्या वदंतेत सगळ्यात नेमकं वाटतं ते आवाजाचं. भय परक्या आवाजात आलं तर दार कोण उघडेल? ते ओळखीच्याच आवाजात येतं.

सोमवारी आईचा सोलापूरहून फोन आला. खंडोबाचं षड्रात्र चालू होतं, मंगळवारी चंपाषष्ठी. वांग्याचं भरीत, रोडगे, तळी भरणं, बाळ्याच्या खंडोबाला कोण कोण जाणार, हे सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, काल कुठे होतीस. मी म्हटलं, माणसाचा लांडगा होतो असा सिनेमा पाहिला. "मग काय त्यात," आई म्हणाली, "आपल्याकडे वाघाची माणसं झालीच की."

ती वाघ्यांबद्दल बोलत होती. वाघ्ये हे मूळचे वाघच, मार्तंडभैरवाच्या दर्शनाने त्यांना मनुष्यदेह मिळाला, अशी कथा सांगतात. काही ठिकाणी ते देवाचे कुत्रे होऊन भुंकतातही. आमच्या खंडोबाचं कर्नाटकातलं रूप म्हणजे मैलार, आणि त्याचे गोरवय्य अस्वलाच्या केसांची टोपी घालून नाचतात. चंपाषष्ठीला आमच्या घरी कुत्र्याला नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी जेवत नाही. म्हणजे जनावर आणि माणूस यांच्यातलं दार आपल्याकडे कधी बंद नव्हतंच. फरक एवढाच, की पाश्चात्त्य गोष्टीत माणूस जनावर होतो तेव्हा तो शाप असतो, खाली घसरणं असतं. आमच्या देवळात जनावर माणूस होतं आणि तरी आपलं जनावरपण टाकून देत नाही. ते देवासमोर मिरवतं.

हिंदी सिनेमाने यातल्या दोन्ही वाटा चालून पाहिल्या. 'नगीना'तली (१९८६) श्रीदेवीची इच्छाधारी नागीण लोकांनी डोक्यावर घेतली, कारण नाग आधीपासून देव्हाऱ्यात होता. महेश भट्ट यांचा 'जुनून' (१९९२) मात्र 'ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन' (१९८१) या सिनेमाच्या वाटेने गेला. फक्त लांडग्याच्या जागी वाघ आणला. पौर्णिमेला राहुल रॉयचा वाघ व्हायचा आणि पूजा भट्टवरचं त्याचं प्रेम त्याला वाचवू शकायचं नाही. आमच्या घरी तो केबलवर पाहिला तेव्हा मोठी मंडळी गाण्यांसाठी बसली होती आणि मी उशीआडून. लांडग्याला मात्र आपल्याकडे तसा देव्हारा नाही. महाभारतात भीमाला वृकोदर म्हटलंय, तेही त्याच्या भुकेसाठी. नान्नजच्या माळावर तो अजून आहे, मेंढपाळ एखादं कोकरू गेलं तर त्याचा वाटा म्हणून सोडून देतो, पण त्याची आरती कुणी करत नाही. म्हणून मला वाटतं, 'भेडिया'ला विनोदाचा आधार घ्यावा लागला. ज्याला नमस्कार करता येत नाही आणि ज्याला घाबरायची सवय मोडली आहे, त्याला हसणंच उरतं.

त्याच दिवसांत शहरात याच्या नेमकं उलट घडत होतं. ३० सप्टेंबरला आलेला ऋषभ शेट्टी यांचा 'कांतारा' अजून काही पडद्यांवर टिकून होता. 'भेडिया'च्या आदल्याच दिवशी, २४ नोव्हेंबरला, तो ओटीटीवरही आला. त्यातही जंगल आहे, जमिनीचा वाद आहे, आणि पंजुर्ली, म्हणजे वराहरूपातलं दैव, माणसाच्या अंगात येतं. मी तो पाहिला तेव्हा शेवटच्या वीस मिनिटांत थिएटरात कुणी पॉपकॉर्नही खात नव्हतं. एक बाई हात जोडून बसल्या होत्या. दोन्ही सिनेमांचं म्हणणं जवळपास एकच होतं: जंगलाला कुणीतरी राखणारं असतं आणि ते माणूस आणि जनावर यांच्या मधलं काहीतरी असतं. एकाला लोकांनी भक्तीने पाहिलं, दुसऱ्याला मजेने. भाषेचा, गावाच्या ओळखीचा त्यात मोठा वाटा होता. 'कांतारा'तलं जंगल इथल्या प्रेक्षकाच्या आजोळचं होतं. 'भेडिया'तलं जंगल कुणाचं होतं, ते पुढच्या रांगेतल्या मुलांना विचारायला हवं होतं.

मी माझ्या शेजारच्या खुर्चीला विचारलं. सिनेमा सुटल्यावर आम्ही जवळच्या एका दर्शिनीत उभ्याने कॉफी घेतली. आम्ही हिंदीत बोलतो. तिची हिंदी माझ्यापेक्षा सफाईदार आहे. अरुणाचलात एवढ्या जमाती, एवढ्या भाषा, की आपसात बोलायला हिंदीच चालते. बंगळुरूत मात्र दुकानदार माझ्याशी हिंदीत बोलतो आणि तिच्याशी खुणांनी.

"आवडला," ती म्हणाली. "डोंगर आवडले. जोमिनचा सीन आवडला. हसवता हसवता मध्येच आणला ते बरं केलं. हसणाऱ्यांना पळायला जागा नव्हती." मग थोडं थांबून, "पण एक सांग. जंगल राखणारी जी आहे, ती आमच्यासारखी का दिसत नाही?"

मला हे सुचलंच नव्हतं. सिनेमा सगळा वेळ सांगतो, की बाहेरच्यांनी या माणसांना आपलं मानावं. आणि त्या जंगलाचा आत्मा दाखवायची वेळ येते तेव्हा तो चेहरा बाहेरून आणतो. जोमिनला बोलायला एक प्रसंग मिळतो. प्रेम मात्र दिल्लीच्या मुलाला त्या चेहऱ्याशीच करता येतं, जो मुंबईच्या पोस्टरवर चालतो. थिएटरमध्ये कुणालाही ते खटकलं नाही. मलाही नाही.

कॉफी संपली होती. तिथेच, बेसिनजवळ, मी दहा वर्षांनी तो विषय काढला. म्हटलं, तो मेसेज मी पाठवायला नको होता.

ती हसली. "तुझा सातवा होता," म्हणाली. मला वाटलं, सुटले. मग ती म्हणाली, "पहिले सहा आमच्याच लोकांकडून आले होते. आम्ही म्हणत होतो, अफवा आहे, आपलेच लोक घाबरलेत. तुझा आला तेव्हा वाटलं, ही तर इथली आहे, हिला माहीत असणार. आणि खाली तू 'काळजी घे' लिहिलं होतंस. बाकी कुणी लिहिलं नव्हतं. त्या दोन शब्दांमुळे खरं वाटलं."

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. तेव्हा आपण काय विचार केला ते आठवून सांगत होती, एवढंच. मी बेसिनचा नळ उगाच सोडला आणि बंद केला. 'इथली' हा शब्द ती मला लावत होती. सोलापूरहून आलेली, कन्नड अजून मोडकीतोडकी बोलणारी मी तिच्या लेखी इथली होते, आणि त्या इथलेपणाचा पहिला उपयोग मी तिला घालवण्यासाठी केला होता. ओळखीच्या आवाजातली हाक माझी होती. तिच्या दारावर 'नाळे बा' लिहिलेलं नव्हतं.

'भेडिया' धो धो चालला नाही. आठवडाभर आधी आलेल्या हिंदी 'दृश्यम २'ने त्याची हवा काढून घेतली. तांत्रिक कामाचं कौतुक झालं, उत्तरार्ध रेंगाळतो अशी तक्रार झाली, अरिजित सिंगने गायलेलं एक गाणं मात्र लग्नाच्या व्हिडिओंमधून सिनेमापेक्षा कितीतरी लांब गेलं. घरबसल्या पाहायलाही तो सहा महिने मिळाला नाही. जोमिनच्या प्रसंगाबद्दल त्या दिवसांत ऑफिसात कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. जखमेवरचे विनोद मात्र महिनाभर चालले.

मग १५ ऑगस्ट २०२४ ला 'स्त्री २' आला. तोवर ती बंगळुरू सोडून इटानगरला परत गेली होती, या वेळी आपल्या मर्जीने, बदली मागून. मी एकटीच गेले. उत्तरार्धात पडद्यावर वरुण धवनचा लांडगा अवतरला आणि थिएटर उठलं. शिट्ट्या, टाळ्या, मोबाइलचे दिवे. दोन वर्षांपूर्वी ज्याला हसून सोडून दिलं होतं त्याचं आता घरचा माणूस आल्यासारखं स्वागत होत होतं. मला बरं वाटलं आणि थोडं वाईटही. लांडग्याला आपलं म्हणायला आम्हाला दोन वर्षं पुरली. जोमिन त्यात नव्हता, आणि त्याची आठवण काढणारी शिट्टीही नव्हती.

मध्यंतरानंतरचा तो गोंगाट चालू असतानाच मी फोन काढला. १५ ऑगस्ट ही तारीख माझ्या लक्षात होती, तिच्याही असणार. काही पुढे ढकलायचं नव्हतं, आलेलं काही द्यायचं नव्हतं. मी स्वतःच्या शब्दांत लिहिलं, की तुझ्याकडचा लांडगा आलाय, लोक शिट्ट्या मारतायत.

सिनेमा संपून बाहेर आले तेव्हा तिचं उत्तर आलं होतं. "खरंच? की पुन्हा अफवा?"